टेली-मानस १४४१६ : झोप उडालेल्या माणसाचा अनुभव

सोयाबीन निघेपर्यंत रानडुकरांपायी रोज वावरात जागल होती. पीक घरात आलं, जागल संपली, पण झोप काही परत आली नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात असे जागे लोक बरेच आहेत, म्हणून या सेवेबद्दल लिहितो.

टेली-मानस म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीची फोनसेवा, केंद्र सरकारनं ती १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केली. १४४१६ लावा, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

फोनवरच्या ताईंनी कर्जाचं, बोंडअळीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, झोप येत नाही तेव्हा तुम्ही करता काय?" मी सांगितलं, आठलाच बाजेवर पडतो. उशाखालचा मोबाइल काढून पाहतो : दोन वाजले, तीनच तास उरले, उद्या तुरीची फवारणी कशी होईल? त्या म्हणाल्या, "झोप मोडली जागलीनं, पण आता तिला येऊ देत नाही ती ही धास्ती." स्वभावच काळजीचा असला, की धास्ती लवकर घर करते. आठवड्यात किमान तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं, की तो जुनाट निद्रानाश. उदासी असली तर झोप जाते, आणि झोप गेली की उदासी वाढते, म्हणून "जगणं नकोसं वाटतं का?" हेही त्यांनी सरळ विचारलं. हे विचारायलाच पाहिजे, आमच्या जिल्ह्यात तर नक्कीच.

उपाय साधे, पण पाळायला कठीण. डोळे जड झाल्याशिवाय बाजेवर जायचं नाही. झोप नाही आली तर उठून ओसरीत बसायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. मोबाइल उशापासून दूर. दिवेलागणीला वहीत काळज्या लिहायच्या. माझ्या वहीत डावीकडे "सोसायटीचा हप्ता", "धाकटीची फी". उजवीकडे त्याचं उद्या काय करायचं ते. हप्त्यासमोर नुसतं "सचिवाला भेटणे" लिहिलं, तरी रात्रीची उजळणी कमी झाली. पहिले काही दिवस अंग फार जड राहिलं, मग हळूहळू फरक पडला.

फोनवर तपासणी होत नाही. घोरताना श्वास अडकत असेल तर दवाखान्यातच जा. वावरात रेंज तुटते, फोन घरूनच लावा. आणि झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका.