कोणता गुलाब कोणाला? रंगांचे अर्थ आणि नागपुरातली निवड

बर्डीच्या फूलबाजारात उभं राहिलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: लाल घ्यावा की दुसरा काही? फोनवर शोधलं तर तक्ता लगेच मिळतो. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री, पांढरा म्हणजे शांती. तक्ता चुकीचा नाही, पण अर्धा आहे. फुलांना ठरावीक अर्थ चिकटवायची हौस युरोपात वाढली ती एकोणिसाव्या शतकात. 1819 मध्ये पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं आणि मग तशा पुस्तकांची रीघच लागली. आज फोनवर जे वाचतो ते बरंचसं तिथूनच झिरपत आलेलं आहे. पण फूल ज्याच्या हातात जाणार तो माणूस नागपूरच्या महाल, इंदोरा नाहीतर सदर भागात वाढलेला असतो आणि त्याच्या घरात लाल, पिवळा, पांढरा या रंगांना तक्त्याच्याही आधीपासूनचा अर्थ असतो. म्हणून मी प्रत्येक रंग दोन बाजूंनी तोलते, तक्ता काय म्हणतो आणि घर काय म्हणतं. दोन्ही जुळले तर बिनधास्त घ्या. जुळले नाहीत तर घराचं ऐका.

लाल की गुलाबी

लालच्या बाबतीत दोन्ही बाजू जुळतात. कुंकू लाल, शालू लाल, देवीला आणि गणपतीला वाहायचं फूल लाल. टेकडीच्या गणपतीला निघालेल्या माणसाला जास्वंद मिळाली नाही तर तो लाल गुलाब घेतो. म्हणजे आपल्याकडे लाल हा फक्त प्रेमिकांचा रंग नाही, मंगलाचाही आहे. बायकोला, नवऱ्याला, ठरलेल्या जोडीदाराला, लग्नाच्या वाढदिवसाला लाल द्यायचा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. फुलवाले हेच सांगतात. ‘ताई, लाल न्या, लालले कोनी नाही म्हनत नाही,’ हे वाक्य बाजारात किती वेळा ऐकू येतं.

अडचण येते ती नातं अजून ठरलेलं नसतं तिथे. 7 फेब्रुवारीला, रोझ डेच्या दिवशी, कॉलेजच्या फाटकाबाहेर लाल फुलांच्या बादल्या लागतात. लाल गुलाब हातात आला की समोरच्या मुलीला तिथल्या तिथे, चारचौघांत, हो किंवा नाही सांगावं लागतं. नाही म्हणायचं असेल तर तिची कुचंबणा होते, आणि देणाऱ्याचा मान जातो तो वेगळाच. गुलाबी असं उत्तर मागत नाही. फिक्या गुलाबीचा अर्थ कौतुक, आपुलकी, गडद गुलाबीचा आभार. तो घेऊन हसून ‘छान आहे’ म्हणता येतं आणि दोघांनाही पुढे वेळ मिळतो. फुटाळा तलावावरची पहिली भेट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गुलाबी घ्या, आणि एकच घ्या. लाल पुढच्या भेटीसाठी राहू द्या.

आता एक नाजूक गोष्ट. वडील गेलेले आहेत आणि आईच्या वाढदिवसाला फुलं न्यायची आहेत, अशा वेळी कितीतरी मुलं लाल घ्यायला बिचकतात आणि पांढरी फुलं घेऊन घरी जातात. कुंकू पुसायची, गजरा न माळायची जुनी रीत त्यामागे आहे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. पण घरातली सवय ठरावाने एका दिवसात जात नाही. अशा आईला पांढरी फुलं देऊन आपण तिला पुन्हा त्याच कोपऱ्यात बसवतो. तिला आयुष्यभर लाल आवडत आला असेल तर लालच द्या. घरात कोणी नाक मुरडेल अशी धास्ती असेल तर गडद गुलाबी द्या, पण पांढरा नको.

ताजाबादला चादर चढवायची असेल तर मात्र रंगाआधी वास बघा. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात वाहायला गुलाब न्यायचे तर सुट्या पाकळ्यांचा, सुगंधी गावठी गुलाब न्यावा, लांब दांड्याचा डच गुलाब तिथे शोभत नाही. डच गुलाब टिकावूपणासाठी निवडत निवडत घडवलेला आहे, आणि त्या निवडीत बहुतेक जातींचा वास मागे पडला. डच गुलाब फुलदाणीत चार-सहा दिवस तग धरतो. गावठी गुलाब संध्याकाळपर्यंत मान टाकतो, पण तोवर सगळी खोली दरवळते.

पिवळा, पीच आणि हळदीकुंकवाची जोडी

सगळ्यात जास्त गैरसमज पिवळ्याबद्दल आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी पुस्तकांत पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, ओसरत चाललेलं प्रेम, कधी बेइमानीसुद्धा. आजचे तक्ते त्यालाच मैत्री आणि आनंद म्हणतात. इतका उलटा पालट कसा झाला, याचं थोडंफार उत्तर बागेत सापडतं. युरोपातल्या जुन्या बागांत गर्द पिवळा गुलाब जवळजवळ नव्हताच. पर्शियाकडून आलेल्या पिवळ्या जातीशी संकर करून लिऑनच्या जोसेफ पेर्ने-दुशेने 1900 मध्ये ‘सोलेय द’ऑर’ बाजारात आणला, आणि आज दुकानात दिसणारे पिवळे, केशरी, पीच गुलाब बहुतांशी त्या वंशातले आहेत. फूल घरोघरी पोहोचलं आणि जुना डाग पुसट झाला.

आपल्याकडे तर हा डाग कधी लागलाच नाही. पिवळा म्हणजे हळद, पिवळा म्हणजे गुरुवार, दत्ताच्या आणि गजानन महाराजांच्या फोटोवरचा हार. म्हणून शिक्षकांना, गुरूंना, सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाला पिवळ्याइतका नेमका रंग नाही. 5 सप्टेंबरला लाल गुलाब घेऊन जाणारी मुलं गोड दिसतात, पण सरांच्या टेबलावर पिवळा जास्त शोभतो.

पीच कुठे बसतो? तक्त्यात तो आभाराचा, कृतज्ञतेचा. आपल्या घरांत त्याला जुना कोणताच अर्थ नाही, आणि हेच त्याचं बळ आहे. डॉक्टरांना, ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना, शेजारच्या काकूंना, जिथे कोणताच रंग जास्त बोलायला नको, तिथे पीच. फक्त बायकोला एकट्या पिवळ्याचा किंवा एकट्या पीचचा बुके देऊ नका. तिने तक्ता वाचलेला असला तर ‘मैत्री’ किंवा ‘आभार’ ऐकायला तिला बरं वाटणार नाही.

माझी सगळ्यात आवडती निवड मात्र लाल आणि पिवळा एकत्र ही आहे. परदेशी तक्त्यात या जोडीचा अर्थ आनंद, अभिनंदन. आपल्या घरात ती सरळ हळद आणि कुंकू आहे. साखरपुडा, डोहाळजेवण, सासूबाईंचा वाढदिवस, मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत, कुठेही न्या. फुलवाल्याला अर्धे-अर्धे सांगू नका. लाल जास्त, पिवळे कमी असं सांगा, म्हणजे बुके झेंडूच्या तोरणासारखा दिसत नाही.

दोन्ही रंग एकाच पाकळीवर हवे असतील तर पिवळ्यावर गुलाबी कडा असलेले गुलाब मागा. या घडणीतला जगप्रसिद्ध गुलाब म्हणजे ‘पीस’. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयां यांनी तो घडवला आणि 29 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेत त्याला हे नाव मिळालं. दुसरं महायुद्ध युरोपात संपायला तेव्हा काहीच दिवस उरले होते. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या प्रतिनिधींना पुढे तेच फूल दिलं गेलं. भांडण मिटवायला जायचं असेल, अबोला धरलेल्या भावाकडे किंवा जुन्या मैत्रिणीकडे, तर या रंगाला तोड नाही.

पांढरा: घर बघून

पांढऱ्याबाबत तक्ता सगळ्यात कमी कामाचा आहे. तो म्हणतो पावित्र्य, शांती, नवी सुरुवात. नागपुरात तुम्ही दार कोणाचं वाजवता यावर पुढचं सगळं ठरतं.

14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. दीक्षा घेणाऱ्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रं होती. आजही बौद्ध लग्नात वधू-वर पांढऱ्या पोशाखात उभे राहतात. अशा लग्नाला पांढऱ्या गुलाबांचा बुके म्हणजे अगदी योग्य भेट. तिथे लाल न्याल तर चालतोच, पण पांढरा नेल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की यांना आमचं माहीत आहे. सदरमधल्या ख्रिस्ती कुटुंबातही लग्नाला आणि बाप्तिस्म्याला पांढरा तितकाच शुभ.

बऱ्याच हिंदू घरांत मात्र नुसता पांढरा बुके मंगलकार्यात वडीलधाऱ्यांना खटकतो. महादेवाला पांढरं फूल वाहतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण बारशाला किंवा साखरपुड्याला पांढऱ्याच फुलांचा गठ्ठा आला की आजी हळूच तो आतल्या खोलीत ठेवते. अशा ठिकाणी पांढऱ्यात गुलाबी मिसळा. मलईच्या रंगाचा, किंचित पिवळट गुलाबही चालतो. तोही पांढऱ्याइतकाच नाजूक दिसतो आणि कोणाच्या मनात शंका येत नाही.

कोणी गेलं असेल त्या घरी बुके नेऊच नका, रंग कोणताही असो. कागदात गुंडाळलेलं, रिबीन बांधलेलं काहीही तिथे बोचतं. फोटोसमोर ठेवायला सुटी पांढरी फुलं न्या.

नारिंगी, जांभळा, निळा

नारिंगीचा अर्थ उत्साह, धडपड, यशाबद्दल कौतुक. दहावी-बारावीचा निकाल, पहिली नोकरी, मॅच जिंकलेला भाचा यांच्यासाठी तो छान. प्रेमासाठी नारिंगी घेऊ नका, त्यातून नीट काही कळत नाही.

फिक्या जांभळ्याला तक्ते ‘पहिल्या नजरेतलं प्रेम’ म्हणतात. अर्थ सुंदर आहे, पण तो फार जुना असेल असं समजू नका. या रंगाच्या आजच्या गुलाबांत गाजलेला ‘स्टर्लिंग सिल्व्हर’ 1957 चा. फूल मिळालंच आणि समोरची व्यक्ती वेगळेपणाची चाहती असेल तर जरूर घ्या, पण अर्थ चिठ्ठीत लिहा. न सांगता तो पोहोचणार नाही.

निळ्या गुलाबाबद्दल माझा सल्ला नकार देण्याचा आहे. गुलाबात निळ्या रंगाचं द्रव्य नैसर्गिकरीत्या तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं घालून घडवलेला गुलाब 2004 मध्ये जाहीर केला आणि 2009 पासून तिथे विकायला आणला, तोही दिसायला फिका जांभळाच आहे. आपल्या बाजारात जो गडद निळा मिळतो तो रंगवलेला पांढरा गुलाब. पाणी लागलं की रंग हाताला आणि साडीला उतरतो. काळ्याचंही तसंच. खरा काळा गुलाब नाही, अतिगडद मरून आहे, आणि तो मरून म्हणून घेतला तर फार देखणा असतो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याला मी लालऐवजी मरूनच सुचवेन.

बाजारात बघायचं काय

अर्थ ठरला तरी फूल शिळं असेल तर सगळं वाया. लालच्या पाकळ्यांच्या कडा बघा. फूल म्हातारं होताना पेशींतला आंबटपणा कमी होतो आणि लाल रंग जांभळट, निळसर पडतो. तसा झाला असेल तर सोडून द्या. कळी अंगठा आणि बोटात धरून पाकळ्यांच्या बुडाशी, हिरव्या देठपाकळ्यांच्या लगेच वर, हलकं दाबा. टणक लागली तर ताजी, पिचपिचीत लागली तर जुनी. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, सुरकुतलेल्या असतील तर घाबरू नका. त्या आतल्या फुलाला जपण्यासाठीच ठेवलेल्या असतात, फुलवाला बुके बांधताना त्या चटकन ओढून काढतो. पांढऱ्यावर मात्र प्रत्येक बोटाचा डाग तपकिरी होऊन उमटतो. तो स्वतः चिवडू नका, फुलवाल्यालाच फुलावरची जाळी काढून दाखवायला सांगा.

डच गुलाबांच्या जुडीत साधारण 20 नग येतात. शुभप्रसंगी 21 हवे असतील तर एक सुटा आधीच मागून घ्या. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लालचा भाव चढतो. त्या दिवसांत पीच आणि गुलाबी त्या मानाने परवडतात आणि बरेचदा जास्त ताजे मिळतात, कारण सगळी झुंबड लालवर असते.

उन्हाळ्यात रंगाइतकाच वेळही सांभाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा दुचाकीच्या हुकाला लटकवलेला बुके वर्धा रोडच्या एका सिग्नलवरच कोमेजतो. त्या दिवसांत पांढरा आणि फिका गुलाबी टाळा, त्यांच्यावर होरपळ लगेच दिसते. पिवळा आणि नारिंगी ती बऱ्यापैकी लपवतात. सकाळी सात-आठच्या आत घ्या, दांडे ओल्या कापडात गुंडाळून मागा. दवाखान्यात न्यायचे असतील तर आधी विचारून घ्या, अतिदक्षता विभागात फुलं आत नेऊ देत नाहीत. घरी पोहोचल्यावर पाण्याखाली येणारी सगळी पानं काढा, दांडा तिरपा कापा, आणि फुलदाणी कूलरच्या झोतापासून लांब ठेवा.