कोल्ट पॅटरसनची रेप्लिका : आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, नेमबाजी शिकायला कोणी हे घेत असेल तर घेऊ नका. मी घेतलं ते इतिहासाच्या नादापायी, राहतो सॅन अँटोनियोत आणि इथे टेक्सास रेंजर्सच्या (सरहद्दीवर लढणारं इथलं जुनं घोडेस्वार दल) गोष्टी ऐकू येतच असतात. वस्तू म्हणजे १८३६ च्या पेटंटवाल्या कोल्ट पॅटरसन रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली रेप्लिका, .३६ कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी, पाच बार. काडतूस वगैरे भानगड नाही, कोकणात शेतराखणीला ठासणीची बंदूक असते ना तोच प्रकार, फक्त ठासायची घरं पाच आणि ती फिरतात.

हातात घेतल्यावर पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, चाप कुठाय? चाप आत दडलेला असतो. घोडा (टोपीवर आपटणारा मागचा हातोडा) मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरून नळीसमोर बरोब्बर अडकतो आणि त्याच वेळी चाप टपकन खाली येतो. हे बघायला इतकं भारी वाटतं की मी रिकामंच कितीदा करून बघितलं असेल. पण चापाभोवती कडं नाही, त्यामुळे बोट कुठे ठेवतोय याचं भान कायम ठेवावं लागतं. मागचं साइट म्हणजे घोड्यावरचीच एक खाच, आणि माझं पिस्तूल सरळ सरळ वर मारतं, पंधरा यार्डावरसुद्धा टार्गेटच्या खालच्या कडेवर नेम धरावा लागतो.

आता भरणं. माझ्याकडे जुनं मॉडेल आहे, ठासायचा दांडा नसलेलं (तो १८३९ ला आला). म्हणजे पाच बार झाले की नळी धरून ठेवणारी पाचर काढा, नळी काढा, सिलिंडर काढा, दारू ओता, शिशाच्या गोळ्या दाबून बसवा, वर ग्रीस लावा म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाणार नाही, मग पाच टोप्या (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या) बसवा. टोप्या ज्यावर बसतात त्या निपल अशा खोबणीत आहेत की जाड बोटांच्या माणसानं नादच सोडावा, टोप्या बसवायचं हत्यार म्हणजे कॅपर हवाच. हे सगळं मी रेंजवर टेबलावर, सावलीत, कॉफी पीत करतो. रेंजरनं घोड्यावर बसून हे करायचं, समोरून बाण येतायत आणि ती पाचर गवतात पडली तर?

म्हणूनच त्या काळी पेटीतून एक्स्ट्रा सिलिंडर मिळायचा, आणि पाचही घरात एकदम दारू ओतणारा फ्लास्क. मीपण दुसरा सिलिंडर घेतला आणि तेव्हा कुठे हे पिस्तूल मला कळलं. भरलेला सिलिंडर खिशात असेल तरच ही वस्तू पूर्ण आहे, नाहीतर पाच बारांनंतर नुसतं लोखंड.

हे पिस्तूल काढणाऱ्या सॅम्युअल कोल्टचा किस्सा पण मजेदार आहे. १८३० मध्ये सोळा वर्षांचा असताना तो कॉर्वो नावाच्या जहाजावर बॉस्टनहून कलकत्त्याला निघाला आणि त्याच सफरीत त्यानं रिव्हॉल्व्हरचं लाकडाचं मॉडेल कोरलं असं सांगतात. पुढे पैशासाठी गावोगावी लाफिंग गॅसचे खेळ केले, स्वतःला डॉक्टर म्हणवून! न्यू जर्सीत पॅटरसनला कारखाना काढला. १८३७ ला सैन्यानं वेस्ट पॉइंटला चाचणी घेतली आणि फार गुंतागुंतीचं म्हणून नाकारलं. एक पाचर, एक नळी, एक सिलिंडर सांभाळून दमल्यावर मला ते अधिकारी अजिबात मूर्ख वाटत नाहीत. १८४२ मध्ये कंपनी बुडाली.

पण टेक्सासच्या (तेव्हा तो स्वतंत्र देश होता) नौदलानं १८३९ मध्ये १८० पिस्तुलं घेतली होती, ती फिरत फिरत रेंजर्सकडे आली. जून १८४४, वॉकर्स क्रीक, इथून उत्तरेला. रेंजर्सचा कॅप्टन जॅक हेजबरोबर पंधराएक माणसं आणि समोर सत्तरच्या वर कोमांचे, म्हणजे इथले मूळ रहिवासी. तोवरचं गणित असं होतं की रेंजरनं एक बार काढला की तो पुन्हा भरेपर्यंत कोमांचे घोडेस्वार बाणावर बाण सोडणार. त्या दिवशी बार संपेचनात. (त्यांच्याच मुलखात घुसून हे चाललं होतं, हे इथल्या माहितीफलकांवर जरा बारीक अक्षरात असतं.) त्या लढाईत भाल्यानं जबर जखमी झालेला रेंजर सॅम्युअल वॉकर पुढे कोल्टला भेटला आणि १८४७ ला सहा बारांचं, साडेचार पौंडांचं अवजड कोल्ट वॉकर आलं. त्याला चापाचं कडं आहे, ठासायचा दांडा आहे, म्हणजे मला ज्याचा वैताग येतो ते सगळं वॉकरनं आधीच सांगून ठेवलं होतं.

तक्रारी? धूर प्रचंड, तिसऱ्या बारानंतर टार्गेट अंदाजानंच. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडला की सिलिंडर जाम. दोन सिलिंडर मारले की काजळीनं फिरणं जड होतं, सिलिंडर ज्यावर फिरतो ती दांडी पुसून तेल लावावं लागतं. त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि साबणानं धुवायलाच हवं, नाहीतर गंज, आणि सडक्या अंड्यांचा वास घरभर, बायकोनं आता गॅरेजमध्येच हाकललंय.

न्यू जर्सीवाल्यांनी पॅटरसन म्युझियममध्ये अस्सल नग बघून घ्या. घ्यायचंच असेल तर दांडावालं मॉडेल घ्या, दुसरा सिलिंडर त्याच वेळी मागवा आणि दुकानातच बसवून बघा, माझा दुसरा थोडा घासून घ्यावा लागला. आणि भारतात न्यायचा विचार करणाऱ्यांनो, तिथे ठासणीच्या बंदुकीलाही लायसन्स लागतं, तेव्हा राहू द्या.