क्लास लावायचा, तक्ता आणायचा की घरचं ताट बदलायचं?

मुलाचं वजन वाढत गेलं आणि एकाच वर्षात गणवेशाची शिवण दुसऱ्यांदा सोडून घ्यावी लागली, की आईबाप तीन वाटा धुंडाळू लागतात: खेळाचा क्लास, आहारतज्ज्ञाचा तक्ता किंवा घरातलंच खाणंपिणं बदलणं. आजीची चौथी वाट असतेच. ‘खात्यापित्या घरचं लेकरू आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होईल.’ त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. वाढत्या वयात वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, उतरतो. फक्त ते वजन आपोआप थांबत नाही.

क्लास लावणं सगळ्यांत सोपं, कारण फी भरली की मोठ्यांची सुटका होते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. क्लास असतो आठवड्यातून तीनदा, त्यातही बराच वेळ आपली पाळी येईपर्यंत रांगेत जातो. अर्धा तास पोहून जे खर्च होतं, ते परतीच्या वाटेवरच्या एका वडापावात व्याजासकट परत येतं. तरी क्लास वाया जात नाही. झोप सुधारते, दम वाढतो, मन रमतं. मात्र स्पर्धेचा क्लास टाळा. संघ निवडताना रोज शेवटी उरणारं मूल महिन्याभरात पोट दुखतंय म्हणून घरी बसतं.

तक्ता कागदावर छान दिसतो. घरी मात्र एकाच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि बहिणीच्या ताटात नूडल्स, असं झालं की तो तक्ता शिक्षा बनतो. मग खाणं चोरून सुरू होतं. 1998 मध्ये इस्राएलमध्ये संशोधक मोरिया गोलान यांनी नेमकी हीच तुलना करून पाहिली: एका गटात थेट मुलांना आहार शिकवला, दुसऱ्यात फक्त पालकांना. पालकांच्या गटातल्या मुलांचं जादा वजन अधिक उतरलं आणि मध्येच सोडून जाणारेही कमी निघाले. अमेरिकेत संशोधक लेनर्ड एप्स्टीन यांनी 1990 मध्ये लठ्ठ मुलांवरच्या उपचारांचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष मांडले. त्यातही मूल आणि पालक दोघांना बरोबर घेतलेला गट पुढे होता. म्हणून आहारतज्ज्ञाकडे जायचं तर स्वयंपाक करणाऱ्यानं आणि किराणा आणणाऱ्यानं जावं. मुलाला एकट्याला समोर बसवून ‘आता कमी खायचं हं’ म्हणणारा तज्ज्ञ असेल, तर दुसरा शोधा.

तिसरी वाट फुकटची, पण भांडणं सगळ्यांत जास्त हिच्यातच. 250 मिली कोल्यात साधारण 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. ती बाटली मुलापासून लपवायची नसते, घरात आणायचीच नसते, आणि अडतं तिथेच, कारण ती बाबांना हवी असते. रात्री नऊला टीव्हीसमोर चिप्सचं पाकीट फोडणाऱ्या बापानं मुलाला काकडी देऊ नये. ‘ताट स्वच्छ कर’ हा हट्टही सोडावा लागेल. पोट भरलं म्हणणारं मूल बहुधा खरंच बोलत असतं. परिणाम दिसायला महिने लागतात. रोज काट्यावर उभं करू नका.

माझं मत सरळ आहे: आधी घर, जोडीला रोजचा खेळ आणि मोठ्यांना अडलं तर तक्ता.

यातलं काहीही सुरू करण्याआधी एकदा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या आकड्यांवर मोजत नाहीत. भारतीय बालरोग संघटनेचे 2015 चे वयानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार वाढीचे तक्ते त्यासाठी आहेत. उंचीची जुनी नोंदही न्या. नुसत्या खाण्यानं जाड झालेली मुलं बहुधा वयाच्या मानानं उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची अडलीय, तर थायरॉईडसारखी कारणं तपासावी लागतात. अमेरिकेच्या बालरोग संघटनेनं 2023 मध्ये 12 वर्षांपासून औषधांचा आणि तीव्र लठ्ठपणात 13 पासून शस्त्रक्रियेचा विचार मान्य केला, पण खाण्या-खेळण्यातल्या बदलांच्या जोडीनं. मूल घोरतं का, तेही सांगा. आणि मानेवरचा काळपट, मखमली पट्टा डॉक्टरांना दाखवा. कित्येक घरांत तो मळ समजून दर रविवारी घासला जातो. बऱ्याचदा ती शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.