सेरोटोनिनच्या गोळ्या: ट्रिप्टोफॅन, ५-एचटीपी की सेंट जॉन्स वर्ट?

'सेरोटोनिन सपोर्ट' लिहिलेल्या बाटलीत सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थिती आणि झोप सांभाळणारं मेंदूतलं रसायन, नसतं. असतं तरी पोटातून घेतलेलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचलं नसतं. त्यामुळे बहुतेक गोळ्यांत त्याचा कच्चा माल भरतात. शरीरात ट्रिप्टोफॅनचं ५-एचटीपी होतं आणि ५-एचटीपीचं सेरोटोनिन. तुलना करताना पहिला प्रश्न हाच: या साखळीत कोणत्या टप्प्यावरचा माल आहे?

एल-ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) पहिल्या पायरीवरचं. त्याचं ५-एचटीपी करणारं एन्झाइम ठरावीक वेगानेच काम करतं, म्हणून परिणाम सौम्य. झोपेच्या आधी ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम पुरे. 'काहीच फरक नाही' ही तक्रार बहुतेक वेळा घेण्याच्या पद्धतीमुळे येते. मेंदूच्या दारात ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी रेटारेटी करावी लागते, त्यामुळे प्रोटीन शेकबरोबर घेतलेली गोळी वायाच. जेवणानंतर दोनेक तास थांबून, बिस्किटासारख्या थोड्या पिष्टमय पदार्थाबरोबर घ्या. १९८९ साली दूषित ट्रिप्टोफॅनमुळे अमेरिकेत इओसिनोफिलिया-मायाल्जियाची (रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढून तीव्र स्नायुदुखी होणारा आजार) साथ आली होती. त्यामुळे बॅचचा शुद्धता-अहवाल न दाखवणारा ब्रँड सरळ बाजूला ठेवा.

५-एचटीपी ती अडलेली पायरी ओलांडून येतं. ग्रिफोनिया नावाच्या आफ्रिकी झाडाच्या बियांतून ते काढतात. जोर जास्त, पण बराचसा माल मेंदूआधी आतड्यातच सेरोटोनिन होऊन बसतो. मळमळ आणि जुलाब त्यातूनच. सुरुवात ५० मिग्रॅने, तीही जेवणानंतर. पोटात न विरघळणारं आवरण असलेली गोळी मिळाली तर उत्तम. सोबत बी-६ हवं, कारण शेवटच्या पायरीला तेच लागतं, पण बी-६चा मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर हातापायांच्या नसांना इजा होते. लेबलवर बी-६ १०० मिग्रॅ दिसलं तर बाटली परत ठेवा. (कार्सिनॉइड, म्हणजे सेरोटोनिन बनवू शकणाऱ्या गाठीसाठी लघवीतल्या ५-एचआयएएची, म्हणजे सेरोटोनिन मोडून उरणाऱ्या पदार्थाची, तपासणी असेल, तर ५-एचटीपी चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर अहवाल फसवा येतो.)

सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती कच्चा माल पुरवत नाही, असलेलं सेरोटोनिन पेशींत परत ओढलं जाणं कमी करतं. सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी तिघांत पुरावा याचाच भक्कम. ०.३ टक्के हायपेरिसिन (या वनस्पतीतला एक घटक) असलेला अर्क, ३०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, आणि चारेक आठवडे धीर. तरीही कुणालाही बिनदिक्कत सुचवावं असं हे नाही. यकृतातली एन्झाइम्स वाढवून ते गर्भनिरोधक गोळ्या, वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं), सायक्लोस्पोरिन (अवयव-प्रत्यारोपणानंतरचं) यांसारखी औषधं निकामी करतं.

एसएसआरआय किंवा एमएओआय गटातली नैराश्याची औषधं, ट्रामाडोल (वेदनाशामक), लिनेझोलिड (अँटिबायोटिक) किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल तर तिन्ही वर्ज्य. ही तिन्ही एकमेकांत मिसळणंही तितकंच धोक्याचं. थरथर, घाम, ताप, पायांत झटके, गोंधळलेपण दिसलं तर तो सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिन अति झाल्याची धोकादायक अवस्था, असू शकतो. गोळी बंद करा आणि तडक रुग्णालय गाठा.