टोमॅटोला खत: फवारणीतून की दाणेदार?

दोन्ही करून पाहिलंय. एक हंगाम जवळजवळ सगळा भर विद्राव्य खतांच्या फवारणीवर ठेवला, पुढचे हंगाम दाणेदारवर काढले.

फवारणीचा गुण आधी सांगतो. चुनखडीच्या जमिनीत शेंडे पिवळे पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथं जमिनीत टाकलेलं साधं लोह अडकूनच बसतं. चिलेटेड लोह, म्हणजे अडकून न बसता झाडाला घेता येईल अशा रूपातलं, फवारलं की आठवडाभरात नवी पालवी हिरवी निघते, हे मी दोनदा पाहिलंय. जस्त, बोरॉनचंही तसंच. गरज चिमूटभराची, ती पानातून भागते.

नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) मात्र चिमटीनं पुरत नाहीत. फळं भरू लागली की टोमॅटो पालाश ओढून घेतो, आणि पानाला एका वेळी सोसतं लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास. जास्त झालं की कडा करपतात. म्हणजे पुन्हा पुन्हा फवारा.

माझं गाडं अडलं ते इथं. भर दुपारी फवारलं तर द्रावण वाळून पानावर मिठासारखे पांढरे कण उरतात, म्हणून पहाटे उठून पंप भरावा, तर वारा सुटलेला. संध्याकाळी उशिरा करावी, तर पानं रात्रभर ओली राहून करपा रोगाला वाव. एकदा तर पंप धुवून ठेवतोय तोच सर आली आणि सगळं पानांवरून खाली. त्या हंगामात तीन फवारण्या अशा वाया गेल्या, त्याही ऐन फळं फुगायच्या वेळी. वरच्या घोसांची फळं बारीकच राहिली. कारणं आणखीही असतील. पण खताची पाळी आभाळाकडे बघून ठरवायची, हे मला जमलं नाही.

दाणेदारचे हप्ते तीनच: लागवडीला, फुलं लागताना, आणि पहिल्या घोसाची फळं सुपारीएवढी झाली की. बुडख्यापासून पाच-सहा बोटं लांब चर काढायचा, खत मातीआड करायचं, पाणी द्यायचं. खोडाला चिकटून पडलं तर मुळं भाजतात. ओल नसेल तर काहीच होत नाही. एकदा पंधरा दिवसांनी माती उकरली तर दाणे जसेच्या तसे. झाडावर फरकही सावकाश दिसतो, तेवढा धीर हवा.

फळाचं बूड काळं पडतं म्हणून कॅल्शियम फवारणारे बरेच आहेत. पण पानात गेलेलं कॅल्शियम फळाकडे फारसं वळत नाही, ते मुळांतून पाण्याबरोबरच वर चढतं. आमच्याकडे फरक पडला तो पाण्याच्या पाळ्या नियमित केल्यावर.

कुंड्यांत चार-पाच झाडं असतील तर फवारणीची धावपळ झेपेल. वाफेच्या वाफे असतील, तर मी दाणेदारच धरा म्हणेन. या हंगामात खतासाठी माझा पंप दोनदाच बाहेर निघाला, दोन्ही वेळा शेंडे पिवळे दिसले म्हणून.