दोन्ही दगड खरे होते

मी बावीस हजारांना फसलो, आणि ज्या वस्तूत फसलो तिच्यात खोटा दगड एकही नव्हता. पोलीस ठाण्यात हे समजावून सांगताना माझी काय फजिती झाली ते पुढे येईलच. स्फटिकं गोळा करणाऱ्यांनी, त्यातही कॅव्हनसाईट या निळ्या खनिजावर जीव असलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. त्या माणसाचं नाव देत नाही. त्यानं मला सांगितलेलं नाव त्याचं स्वतःचं असेल असं आता वाटतही नाही.

नाशकात राहून दगडांचा नाद लागायला फार कष्ट पडत नाहीत. आपण राहतोच काळ्या पत्थरावर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि मागाहून झिरपलेल्या पाण्यानं त्या पोकळ्यांत स्फटिकं घडवली. विहिरीत सुरुंग उडवला किंवा खडीच्या खाणीत दगड फुटला की एखादी पोकळी उघडी पडते. आत फिकट नारिंगी स्टिलबाईट, काचेसारखा अपोफिलाईट, सुयांच्या जुडीसारखा स्कोलेसाईट. लहानपणी आम्ही या सगळ्याला सरसकट गारगोट्याच म्हणायचो. सिन्नरला माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय पाहिलं तेव्हा कळलं की आपण ज्यांनी कैऱ्या पाडायचो, ते दगड लोक काचेच्या कपाटात लाईट लावून ठेवतात.

माझी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, प्रेस म्हणजे नोटा छापतात ती. एकतीस वर्षं मी छापलेल्या कागदातला दोष शोधत बसलो. डोळा तयार आहे अशी माझी समजूत होती, आणि घरच्यांचीही.

मला फसवणाऱ्या त्या पोराची गाठ मित्रामार्फत पडली. मित्राच्या व्हॉट्सॲपवर फोटो आले, मी फोन केला, पाथर्डी फाट्यावर चहाच्या टपरीवर भेटायचं ठरलं. समोर पांडवलेणी, वर ढग, आणि हा पठ्ठ्या स्कूटरवर द्राक्षाचं खोकं बांधून हजर. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पीस. पंचविशीचा असेल. नमस्कार वगैरे झाला. त्यानं एक अपोफिलाईट काढला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "काका, याचं एक टोक उडालंय बघा. म्हणून बाराशेच. नाहीतर तीन हजारांचा पीस आहे."

मी घेतला. पीस अस्सल होता, आजही कपाटात आहे. स्वतःच्या मालातला दोष आपणहून दाखवणारा विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता. आता वाटतं, ते बाराशे म्हणजे त्याचं भांडवल होतं आणि ते त्यानं माझ्याच खिशातून उभं केलं.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन. "काका, एक चीज आलीय. तुमच्याशिवाय कुणाला दाखवली नाही."

कॅव्हनसाईट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गर्द निळ्या रंगाचं खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या तीन शब्दांची पहिली अक्षरं जोडून इंग्रजीत त्याचं नाव केलंय. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, 1967 साली, पण जगभरच्या हौशी लोकांना ते माहीत झालं आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीमुळे. तिथल्या खाणींत स्टिलबाईटच्या पांढऱ्या गादीवर याचे निळे गोळे बसलेले मिळाले. गोळा म्हणजे मधल्या बिंदूपासून चहूकडे फुटलेल्या बारीक सुया. सुटा गोळा काही शेकड्यांत मिळतो. तोच पांढऱ्या स्टिलबाईटवर ऐटीत बसलेला असला की किमतीला शून्यं चिकटत जातात. फसवणुकीची सगळी मेख या फरकात आहे.

खोक्यातून निघालेला पीस तळहातापेक्षा थोडा मोठा. पांढरा शुभ्र स्टिलबाईट आणि त्यावर मोजून नऊ निळे गोळे. माझा चहा निवला.

"कुठला?" मी विचारलं.

"तुम्हीच ओळखा काका."

"वाघोली."

"बघा! तुम्हाला काय सांगायचं."

"आता तिकडे सगळ्या इमारती झाल्या म्हणे. असला माल निघत नसेल?"

"तेच ना. हा मामांकडे पडून होता, जुना आहे."

हा संवाद मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिला. पोरानं जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. गाव मी सांगितलं, माल दुर्मिळ का हे मी सांगितलं, तो मान डोलावत राहिला आणि शेवटी एक मामा पुढे केला. ज्याला काहीच कळत नाही असा गिऱ्हाईक त्याला नकोच होता. तसल्या गिऱ्हाइकानं 'हे कशावरून?' असं विचारलं असतं. मला निम्मं कळत होतं, म्हणून उरलेली निम्मी गोष्ट मी स्वतःच रचून दिली.

घासाघीस होऊन अठ्ठावीसचे बावीस झाले. मी तपासणी केली नाही असं कुणी समजू नका. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं. एका गोळ्यावर धरलं, सुया झकास, मधून बाहेर फुटलेल्या. ओला कापूस चोळला, रंग उतरला नाही. मागच्या बाजूला स्टिलबाईटवर तांब्याचं नाणं घासलं, चरा नाही. टाचणीचा चरा मात्र पडला, म्हणजे कठीणपणा साधारण बरोबर. सगळ्या परीक्षांत पीस पास. पास होणारच होता, कारण कॅव्हनसाईट खरा होता आणि स्टिलबाईटही खरा. दोघांचं लग्न तेवढं कुणीतरी टेबलावर बसून लावलेलं होतं. आणि मी नवऱ्यामुलाची चौकशी केली, मुलीची केली, लग्न झालंय का हे विचारायचंच राहिलं.

पैसे रोख दिले. बिल? "काका, घरगुती माल आहे, बिल कुठलं?" मी मान हलवली.

पुढचे दोन महिने तो पीस दिवाणखान्यात होता. पाहुण्यांना मी वाघोलीची गोष्ट सांगायचो, मामांसकट. याच काळात त्या पोरानं ओकेनाईट या दुसऱ्या खनिजाचे गोळे देतो म्हणून सात हजार ऑनलाईन आगाऊ मागितले, तेही मी पाठवले. पार्सल आलं. आत गुलाबी कापसाचे गोळे असावेत तसे ओकेनाईट. ओकेनाईट आपल्याकडे मिळतो तो पांढरा. गुलाबी, निळा, पोपटी असा कुणी विकत असेल तर तो रंगात बुडवलेला समजा. मी फोन केला, तो उचलला गेला नाही. तरी निळ्या गोळ्यांवर संशय आला नाही, हे लिहायला लाज वाटते.

मग आमचा पुतण्या आला. त्याचं मेन रोडला कपड्यांचं दुकान आहे, किल्ल्यांच्या जुडग्याला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च लटकवलेला. लाईट गेलेली होती. पोरानं टवाळी करत तो टॉर्च शोकेसवर मारला, "काका, तुमचे दगड खरे का खोटे बघू!" आणि नऊच्या नऊ गोळ्यांच्या बुडाशी दुधी निळसर कडं पेटलं.

खोलीत कुणी बोललं नाही. नोटेच्या नंबराची शाई या उजेडात कशी चमकते ते मी एकतीस वर्षं पाहिलेलं. असला दिवा माझ्या स्वतःच्या खणात पडलेला होता. दगडावर मारून बघावा हे डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे पीस नेला. त्यांनी भिंग उचललं आणि थेट गोळा जिथे टेकतो तिथे धरलं. मी मधे धरलं होतं, सरांनी बुडाशी. "हे बघा," म्हणाले, "गोंदाचा ओघळ झाकायला स्टिलबाईटचाच चुरा भुरभुरलाय. पुरणपोळीवर पिठी लावतात तसा." घरी येऊन सौभाग्यवतींच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून एका गोळ्याच्या बुडाशी अर्धा तास ठेवला. गोळा अलगद हातात आला. बूड चपटं, खाली फोडल्याची खूण, आणि तो जिथे होता तिथला स्टिलबाईट कोरा करकरीत. निसर्गात वाढलेला गोळा निघाला तर खाली त्याचा ठसा राहतो, सुयांचे तुकडे राहतात. इथे पाट उचलल्यासारखी स्वच्छ जागा.

सरांनी मग बसवून शिकवलं ते सांगतो. गोळे कुठे बसलेत ते आधी बघायचं. माझ्या पिसावर नऊही गोळे दर्शनी बाजूला, उंचवट्यावर, एकमेकांपासून बेताच्या अंतरावर होते, हळदीकुंकवाला बायका बसाव्यात तसे. खऱ्या पिसात एखादा तरी गोळा कपारीत दडलेला, अर्धवट, वेडावाकडा असतो. कधी स्टिलबाईटची पातळ पानं गोळ्याच्या बुडाला धरून वाढलेली असतात, तो जोड माणसाला जमत नाही. जांभळा टॉर्च जरूर न्यावा, पण त्यावरच विसंबू नये. काही गोंद चमकतच नाहीत, आणि कॅल्साईटसारखं खनिज कधी कधी आपलं आपण चमकतं. रिमूव्हर विकत घेताना त्यात ॲसिटोन आहे ना ते वाचून घ्यावं. तो पेट घेतो, तेव्हा गॅसजवळ नको. झटपट चिकटणारा गोंद त्यानं सुटतो, दोन ट्यूबा कालवून लावायचा पक्का गोंद सहसा दाद देत नाही. म्हणून भिंग ते भिंगच, आणि ते सांध्यावर धरायचं.

सर एवढंही म्हणाले की तुटलेला पीस जोडणं हा गुन्हा नाही, संग्रहालयातसुद्धा जोडलेले पीस असतात. जोडलाय हे सांगून त्या भावात विकला तर तक्रार कसली?

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींची गोष्ट यापुढे परवडली. त्यांनी यात्रेत 'ऊर्जा देणारा' जांभळा स्फटिक घेतला आणि शुद्धीकरणासाठी रात्रभर पाण्याच्या वाडग्यात ठेवला. सकाळी वाडग्यात जांभळं पाणी. रंगवलेली तुरटी! त्यांचे गेले चारशे.

पोलीस ठाण्यात माझं काय झालं? हवालदार सज्जन होते, चहाही दिला. "दगड खोटा आहे का?" "नाही." "मग दुसरा दगड खोटा?" "तोही खरा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग साहेब, खोटं काय आहे?" मी गोंद म्हणालो. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. खरं तर खोटं सांगून माल गळ्यात मारणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली ती येते. पण माझ्याकडे बिल नाही, पावती नाही, 'वाघोलीचा नैसर्गिक पीस' असं त्यानं लिहून दिलेलं एक अक्षर नाही. तेवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर जरी लिहून घेतली असती तरी हातात काही असतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण विक्रेत्याचा पत्ता तर हवा! ऑनलाईन गेलेल्या सात हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर फोन केला, तोही अकरा दिवसांनी. हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. माझे कधीच सरकले होते.

नऊही गोळे मी सोडवून घेतले. ते आता औषधाच्या डबीत आहेत. स्टिलबाईट एकटा कपाटात ठेवलाय, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो तसाच जास्त देखणा दिसतो.

गेल्या महिन्यात देवळालीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. पांढरी गादी, त्यावर सात निळे गोळे, कोपऱ्यात द्राक्षाच्या खोक्याची कड दिसतेय. नंबर वेगळा होता. मी त्यांना म्हटलं, गोळा जिथे टेकतो तिथला जवळून फोटो मागा, आणि नैसर्गिक आहे असं लिहून मागा. त्यांनी मागितलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.