आखाजीला घेतलेली ‘एडास’वाली गाडी : नऊ महिने, १६,४०० किलोमीटर

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी घेतली. ‘एडास’वाली, म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून चालवणाऱ्याला सावध करणारी, वेळ पडली तर स्वतः ब्रेक लावणारी. जळगावात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा धुळ्याला जावं लागतं, महिन्यातून एखाद्या वेळी चाळीसगावहून कन्नड घाट चढून पलीकडे. गाडीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की माणसं मायलेजवर येतात, आणि मला बोलायचंय ब्रेकवर.

आधीची गाडी २०१२ची, तिला एबीएससुद्धा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. सरकारने ते नव्या गाड्यांना सक्तीचं केलं एप्रिल २०१९पासून. ८०च्या वर गेलं की टुंग करणारी आणि १२०च्या वर थांबतच नाही अशी घंटा त्याच वर्षी जुलैत आली. म्हणजे मी मधलं सगळं गाळून एकदम पहिलीतून दहावीत बसलो होतो.

पहिला महिना नुसता आवाजांचा. पट्टा ओलांडला, टुंग. पुढचा जवळ आला, टुंग टुंग. पारोळ्याला लग्नाला जाताना आप्पा शेजारी बसले होते. दहा मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले, “हाई काय वाजी राहिनं रे भो? गाडी येडी शे का?”

येडी नाही, पण तिची समज मर्यादित आहे. आतल्या आरशामागे, काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. तो पांढरे पट्टे आणि वाहनांचे आकार ओळखतो. पुढे बंपरच्या जाळीमागे रडार असतं, ते पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं. दोघांचं जुळलं की गाडी आधी ओरडते, नाही ऐकलं तर स्वतः ब्रेक लावते. चौपदरी रस्त्यावर हे छान चालतं. पण एरंडोलवरून आत धरणगावकडे वळलो की रस्त्याला पट्टाच नाही, कडेला मुरूम, समोरून मोटारसायकल. तिथे कॅमेरा बिचारा काय ओळखणार? खड्डा चुकवायला मी स्टेअरिंग वळवतो आणि ते मला हळूच परत खड्ड्याकडे ढकलतं. लेन सांभाळणारं ते बटण तिसऱ्या आठवड्यात बंद केलं, ते आजतागायत बंद आहे.

आपोआप लागणारा ब्रेक मात्र एकदा वसूल झाला. भाद्रपदातली गोष्ट, पारोळ्याच्या अलीकडे, दुपारची वेळ. मी होल्डरमधल्या मोबाइलवर कोणाचा फोन आलाय ते बघत होतो. एवढंच. पुढच्या टेम्पोने म्हशी आडव्या आल्या म्हणून कचकन ब्रेक दाबला. ८०च्या वेगात सेकंदाला २२ मीटर जातात, हे गणित मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त डॅशबोर्डवर लाल चित्र, कर्कश आवाज, आणि सीटबेल्ट छातीत रुतला. माझा पाय पोचेपर्यंत निम्मा वेग उतरला होता. टेम्पोच्या फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं मी निवांत वाचू शकलो, इतकं अंतर उरलं. मागून येणारा ट्रक कसा थांबला ते त्याचं तोच जाणे.

आणि एकदा गाडीला दिसलंच नाही, तेही सांगतो. कापसाचा हंगाम, रात्रीचे साडेआठ. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली, कापूस शिगोशीग, वर ताडपत्री बाहेरपर्यंत लोंबलेली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर ताडपत्रीखाली. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर. मला ती ट्रॉली दिसली कापसाच्या पांढऱ्यामुळे. मी ब्रेक दाबून बाजूला घेतली, गाडीचा आवाज आला तो त्यानंतर. सेन्सरवर नुसता राग काढून उपयोग नाही. अंधारात, दिव्यांशिवाय, कापडात गुंडाळलेला ढिगारा म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी वाहनच नव्हे. जुन्या ट्रकवरच्या क्लीनरसारखं आहे हे. बाजू बघतो, हाळी देतो, पण मध्येच त्याचाही डोळा लागतो.

जाहिरातीत ज्याचं कोणी कौतुक करत नाही, ती गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली : ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा लगदा रस्त्यावर आणून टाकतात. वरून भुरभुर पाऊस पडला की साबण. अशाच एका वळणावर मागची बाजू सुटली. मी काही करायच्या आत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, खालून कर्र असा आवाज आला आणि गाडी सरळ. प्रत्येक चाकाचा वेग, स्टेअरिंगचा कोन आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय, हे ती सतत ताडून बघते. ताळमेळ सुटला की एकाच चाकाला ब्रेक लावून तिला ओळीवर आणते. मर्सिडीजच्या महागड्या गाडीत हे बॉशच्या मदतीने १९९५मध्ये आलं. तीस वर्षं जुनी गोष्ट, आवाज नाही, तोरा नाही.

तक्रारी दोन. दसऱ्याला पूजा केली, झेंडूचा जाड हार पुढच्या जाळीवर बांधला आणि निघालो. क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग आपोआप सांभाळणारी सोय, चालेना; पडद्यावर रडार अडल्याचा निरोप. हार आणि लिंबू-मिरची काढली, पाणी मारलं, तेव्हा कुठे चालू झालं. ही तक्रार तशी माझीच माझ्यावर. दुसरी खरी. दिवाळीनंतर डंपरमागून खडी उडाली आणि पुढची काच तडकली. सर्व्हिस सेंटरने काच बदलली, बिल घेतलं, पण कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केलंच नाही. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर थोडी सरकते, ती पुन्हा बसवावी लागते. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर दोनदा विनाकारण ब्रेक लागला. तीन चकरा मारल्यावर करून दिलं, वर “सर, गाडी नवीन आहे, सवय होईल” हे ऐकवून.

कन्नड घाटात धुकं आलं की कॅमेरा सरळ हात वर करतो, तसं सांगतोही. हे मला आवडलं.

माझी सध्याची मांडणी अशी : पुढच्या धडकेचा इशारा ‘लवकर’वर, लेन बंद, मागच्या बाजूचा ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणारा कोपरा) इशारा चालू. आरशातला तो छोटा दिवा ट्रकच्या बाजूने पुढे निघताना फार कामाला येतो. दरवाजासमोरचे खांब हल्ली इतके जाड असतात की चौफुलीवर अख्खी मोटारसायकल त्याच्यामागे लपते, तिथे मात्र मान पुढे काढूनच बघावं लागतं. पैसे मोजकेच असतील तर वरच्या मॉडेलच्या मागे लागू नका. ईएससी, सहा एअरबॅग आणि चांगले टायर आधी बघा. उरले तर रडारवाली घ्या, आणि काच बदलाल तेव्हा कॅलिब्रेशनचा कागद हातात पडल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

आप्पांचं विचाराल तर ते आता आवाजाला सरावलेत. टुंग झालं की माझ्याकडे न बघताच म्हणतात, “धीर धर ना भो.”